राखाडी गुरूचं गाव कोणतं

निरगुडसरमध्ये रोज सगळ्यात जास्त माणसं कुणाला भेटत असतील, तर ती गोरखला. डेअरीत दुधाची फॅट काढायचं काम त्याचं. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, दीडशे माणसं किटल्या घेऊन त्याच्यासमोरून जातात. प्रत्येक जण त्याच्याशी बोलतो आणि प्रत्येक जण तेच बोलतो, "फॅट किती लागली?" गोरख आकडा सांगतो. आकडा कमी निघाला तर पुढच्या शिव्या मशीनला असतात, म्हणजे त्याही त्याच्या वाट्याला येत नाहीत.

वय त्रेचाळीस. लग्न जमता जमता राहिलं, आणि नंतर जमवणारेच राहिले नाहीत. आई जाऊन तीन वर्षं झाली. थोरला भाऊ भोसरीला असतो. गणपतीत दोन दिवस येतो आणि त्यातला दीड दिवस झोपतो. बाकी वर्षभर घरात गोरख एकटा, आणि सोबतीला एक दोनशे पानी रजिस्टर.

या रजिस्टरात गोरखनं एक खेळ लिहिला आहे. त्याला ना पट, ना पत्ते. चार माणसं एका टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात. सूत्रधार म्हणतो, पूल तुटलाय, मागून शत्रू येतोय, काय करतोस? वीर काय करायचं ते सांगतो, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. गोरखचे वीर चिनी आहेत. कौलांवरून पळणारे, बांबूच्या शेंड्यावर उभे राहून तलवार चालवणारे, गुरूच्या खुनाचा बदला घ्यायला वीस-वीस वर्षं हिंडणारे. आता निरगुडसरचा आणि चीनचा संबंध चौकातल्या मंच्युरियनच्या गाडीपलीकडे नाही, हे गोरखलाही ठाऊक आहे. पण माणसाचा जीव कुठे अडकेल, ते त्याच्या हातात थोडंच असतं?

त्याचा अडकला पुण्यात. तिथल्या एका कॅफेत तो आठ वर्षं वेटर होता. ते खेळांचं कॅफे होतं. कॉफी मागवायची आणि तासन्‌तास खेळत बसायचं. पाच नंबरच्या टेबलावर दर शनिवारी चार इंजिनिअर यायचे आणि चिनी वीरांचा असाच एक खेळ खेळायचे. गोरख ट्रे घेऊन मागे उभा राहायचा. काय करतोस, असं सूत्रधारानं विचारलं की इंजिनिअर विचार करत बसायचे. गोरखचं उत्तर मनात कधीच तयार असायचं. एकदा त्याला राहवलं नाही. "छपरावरून जा ना," तो बोलून गेला. चौघांनी वर पाहिलं. कुणी रागावलं नाही, कुणी हसलंही नाही. त्यातला एक अगदी सभ्यपणे म्हणाला, "भैया, दोन कोल्ड कॉफी." गोरखनं त्या आणून दिल्या. त्यानंतर त्यानं तोंड उघडलं नाही, पण कान उघडे ठेवले.

लॉकडाऊनमध्ये कॅफे बंद पडलं आणि तो गावी आला. आईचं आजारपण काढता काढता लिहायला बसला. इंग्रजीतलं बरंच त्याला कळलेलं नव्हतं, ते त्यानं आपल्या अकलेनं भरून काढलं. वीरांच्या अंगात जी गूढ शक्ती असते, तिला काय म्हणायचं यावर त्यानं दोन महिने घालवले आणि शेवटी तालमीतला शब्द घेतला: दम. वीर खोटं बोलला की त्याचा दम उतरतो, दिलेला शब्द पाळला की चढतो. फाशांऐवजी चिंचोके, एका बाजूनं घासून पांढरे केलेले पाच चिंचोके टाकायचे आणि पांढरे मोजायचे. सगळ्यात जास्त जीव त्यानं ओतला तो खलनायकात. राखाडी गुरू. डोंगराच्या टोकावर राहतो, वीरांच्या गुरूला मारून त्याची विद्येची पोथी घेऊन गेलेला. दम अठरा. त्याच्याबरोबरच्या शेवटच्या लढाईला रजिस्टरची बारा पानं गेली होती.

चार वर्षं गोरख हा खेळ एकटा खेळला. तोच सूत्रधार, तोच तिन्ही वीर; उठून या खुर्चीवरून त्या खुर्चीवर बसायचा. पण स्वतःच विचारलेल्या प्रश्नाला स्वतः उत्तर देण्यात काही राम नाही. एकदा, फक्त एकदा, खऱ्या माणसांनी हा खेळ खेळावा, एवढीच त्याची इच्छा होती. तरुण पोरांना विचारलं, तर त्यांनी आधी ॲप आहे का ते विचारलं. नाही म्हटल्यावर विषय संपला.

मग त्यानं मोठ्या माणसांना धरलं. गेणभाऊ म्हणजे जुने पैलवान, आता गुडघे धरून बसलेले. मंचरहून मोटरसायकलवर टोस्ट-खारी विकायला येणारा सलीम बुधवारी दुपारी मोकळा असतो. आणि तिसरी शेजारची कुशाबाई, सत्तरीची, एक म्हैस आणि भरपूर चौकशा सांभाळून असलेली. वेळ दुपारची ठरली, कारण संध्याकाळी धारा असतात आणि अंधार पडल्यावर बिबट्याच्या भीतीनं उसाच्या कडेनं कुणी फिरत नाही. तिघं आले.

त्यानं गेणभाऊंना मद्यपी भिक्षू दिला. गेणभाऊंनी गळ्यातली माळ दाखवली. "दारू काढून टाक, भिक्षू ऱ्हाऊ दे." सलीम छपरांवरून पळणारा निरोप्या झाला. कुशाबाईला तलवारवाली मेईलान मिळाली. तिनं तलवार घेतली आणि नाव परत केलं. "कुशाबाईच ठिव. हाक मारली तर कळंल तरी."

पहिल्या पुलावर कुशाबाईनं चिंचोके असे टाकले, की पाचही पांढरे. सगळं लहानपण हेच खेळण्यात गेलं होतं तिचं. सलीम छपरावरून घसरला आणि स्वतःच पोट धरून हसला. गेणभाऊंनी दरवाजा फोडताना खरोखर मांडी ठोकली. गोरख सांगत होता, ते करत होते, आणि गोरखला इतका आनंद झाला होता, की मधेच त्याला पाणी प्यायला उठावं लागलं.

तिघं डोंगरमाथ्यावर पोचले. समोर राखाडी गुरू. गोरखनं ती बारा पानं उघडली.

"गेणभाऊ, पहिला वार तुमचा. काय करता?"

गेणभाऊंनी चिंचोके उचलले, परत खाली ठेवले आणि गुरूलाच विचारलं, "पावणं, गाव कोनचं तुमचं?"

"असं नसतं, गेणभाऊ. वार करायचाय."

"करीन की. पन कुणावर करतोय ते म्हाईत नको का? उद्या कुणाचा तरी सोयरा निघायचा."

"बराबर हाय," सलीम म्हणाला.

गोरखनं पानं चाळली. बारा पानांत गुरूचे चोवीस डाव होते, गाव नव्हतं. "गाव सुटलं त्याचं," तो म्हणाला.

"बायको हाय का त्येला?" कुशाबाईनं विचारलं.

"नाही."

"आई?"

"गेली."

"मंग भाकरी कोन करतं?"

"तोच करतो."

"कुनी येत-जात न्हाई का वर?"

"येतात. तुमच्यासारखे, मारायला."

रजिस्टर न बघता आपण उत्तरं देतोय, हे गोरखच्या लक्षात आलं. इतकी भराभरा उत्तरं त्याला चार वर्षांत कुठल्याच पानासाठी सुचली नव्हती. मग गेणभाऊंनी घसा साफ केला आणि गावकीत बसावं तसे ते सावरून बसले. "खून केला, ते वाईटच केलं. त्यानं गुरूच्या समाधीपुढं नाक घासावं, पोथी परत द्यावी. आमी मिटवतो. आन एकदा खाली जेवाय यावं. काय म्हनतंय तुमचं मानूस?"

नियमानं गुरूनं इथे हसून पहिला डाव टाकायचा होता. गोरखनं रजिस्टर मिटलं. "येतो," तो म्हणाला. आवाज गुरूचा काढायचा होता, पण तो त्याचा स्वतःचाच आला.

तिघांना फार बरं वाटलं. सलीमनं खारी काढली, चहा झाला, आणि धारांची वेळ झाली म्हणून सगळे उठले.

पुढच्या बुधवारी गोरखनं घर झाडलं, टेबल पुसलं, गुरूच्या धाकट्या भावाचं नवं वैर लिहून तयार ठेवलं. कुणी आलं नाही. सलीमची मोटरसायकल दारावरून गेली; त्यानं हात केला. गोरख पाच वाजेपर्यंत बसून राहिला आणि तसाच डेअरीत गेला. खेळ आवडला नाही, असंच त्यानं धरून चाललं, आणि ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या सकाळी गेणभाऊ दूध घालायला आले, तेव्हा त्यानं धीर करून विचारलं. गेणभाऊंनाच नवल वाटलं. "अरं, ते मिटलं की! लई झ्याक मिटलं. मिटलेलं भांडान परत कशाला उकरायचं?"

चार वर्षं त्यानं सगळे नियम लिहिले होते, फक्त वैर मिटलं तर पुढे काय, याचा नियम लिहायचा राहिला होता. ती माणसं खेळायला आलीच नव्हती. तंटा सोडवायला आली होती आणि सोडवून आपापल्या घरी गेली होती. त्यात त्यांचा काय दोष?

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी रांगेत कुशाबाई उभी होती. तिची किटली पुढे आली, दूध मापात ओतलं गेलं, आणि तिनं एकदम विचारलं, "गोरख, त्यो डोंगरावरचा आला का रं खाली?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. रांग मोठी होती, मागचे ताटकळले होते. पण खोटं त्याच्या तोंडून निघेना.

"न्हाई आला."

"का? यीन म्हनला व्हता की."

"बसलाय वरच. कुनी आणायला गेलं न्हाई."

कुशाबाई थांबली. हातातली पावती तिनं वाचता येत असल्यासारखी निरखली आणि घडी करून कमरेला खोचली. "मंग चुकलं आमचं," ती म्हणाली. "बोलवून ठिवलं आन आणाय कुनी गेलं न्हाई. असं मानूस आपलं आपुन येत नसतं, बाबा."

ती किटली उचलून गेली. ती गुरूबद्दलच बोलली होती, दुसरं काही तिच्या मनातही नव्हतं, हे गोरखला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याला समोरचा आकडा दिसेना, आणि पुढच्या माणसाचं दूध मशीनला पुन्हा लावावं लागलं.