खंडित मूर्तीचा पंचनामा

ती घटना आठवली नाही, असा एकही भाद्रपद माझ्या निवृत्तीनंतर गेलेला नाही. पेणच्या रस्त्यावर पेंढ्याने भरलेला टेम्पो दिसला की मन तिकडे जातंच. गुन्हा तसा लहान होता. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्याही चुकीच्या.

तेव्हा मी पेणच्या पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. श्रावण लागला होता. बंदोबस्ताच्या बैठका, मंडळांचे परवाने, रस्ता अडवणाऱ्या टेम्पोंच्या तक्रारी, असा सगळा धुमाकूळ. त्या गर्दीत एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे उभी होती. अंमलदार तिला समजावत होता, "ताई, हा ग्राहकाचा वाद आहे. पोलिसांचं काम नाही. ग्राहक मंचात जा." बाई हलत नव्हती. मी तापट माणूस. तक्रारदाराला दारातून वाटेला लावलेलं मला कधी खपलं नाही. तिला आत बोलावून घेतलं.

जवळच्या गावातल्या एका मूर्तिकाराची ती सून. आमच्याकडे गणपती घडवतात त्या शेडला कारखाना म्हणतात. तिच्या सासऱ्यांचा शाडूच्या मूर्तींचा कारखाना होता. मूर्ती साच्यातून काढणं, घासणं, रंगवणं कामगार करायचे, पण डोळ्यांची आखणी सासरे स्वतःच्या हाताने करायचे. दुसऱ्या कोणाला तो कुंचला धरू देत नसत. सुनेने मोबाईलवरून विक्री सुरू केली होती. गिऱ्हाईक ऑनलाइन पैसे भरायचं, ही पेंढ्यात बांधून पार्सल पाठवायची.

त्या वर्षी एकामागून एक तक्रारी आल्या. मूर्ती फुटून आली, सोबत फुटलेल्या मूर्तीचा फोटो. पैशांची देवाणघेवाण करणाऱ्या ऑनलाइन सेवेचा नियम असा की विक्रेत्याने मुदतीत माल परत मागितला नाही तर तक्रार खरी धरायची. सेवेने प्रत्येकाचे पैसे परत केले आणि तक्रारी वाढल्या म्हणून हिचं खातंही गोठवलं.

"मग माल परत का नाही मागितलात?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"साहेब, भंगलेला गणपती घरात परत कसा आणायचा? मी सगळ्यांना लिवलं, वाहत्या पाण्यात सोडा, आमची चूक झाली, माफी असावी."

तिच्या जागी माझी बायको असती तर तिनेही हेच केलं असतं.

"पैशाचं ऱ्हाऊ दे साहेब," ती म्हणाली. "बाबांनी कुंचला ठेवलाय. म्हणतात, माझ्याच हातनं कायतरी चुकलंय, म्हणून देव फुटतोय. सगळा कारखाना रंगून उभा हाय, फक्त डोळे ऱ्हायलेत. त्यांना कायतरी सांगा."

तिच्या मोबाईलमधले फोटो मी छापून घेतले आणि टेबलावर एकाशेजारी एक ठेवून पाहिले. कुठे खाली सतरंजी, कुठे फरशी, कुठे वर्तमानपत्र. पण प्रत्येक मूर्तीची सोंड एकाच जागी, एकाच तिरप्या रेषेत तुटलेली. वेगवेगळ्या गावांत गेलेली पार्सलं अशी नेमकी एकसारखी फुटत नाहीत. "हे तुमच्या लक्षात नाही आलं?" मी विचारलं.

"मी नीट बघितलंच नाय. फुटलेल्या गणपतीकडे कोण बघत बसतंय?"

इथेच ती माणसं फसली होती. फसवणाऱ्याला बरोबर ठाऊक होतं की फोटो कोणी निरखणार नाही आणि मूर्ती कोणी परत मागणार नाही.

अर्ज घेतला, डायरीला नोंद केली. पार्सलांचे पत्ते रोहा आणि नागोठण्याच्या आसपासचे होते, काही अर्धवट, काही खोटे; पार्सल आणणाऱ्याला फोन करून माल रस्त्यातच घेतलेला. आमचा एक हवालदार रोह्याचा. त्याच्याकडे मूळ मूर्तीचा फोटो दिला आणि बाजारात नजर ठेवायला सांगितलं. काही दिवसांतच खबर आली. खबर देणारे चाचा आखातातून परत आलेले, रोह्यात सजावटीच्या सामानाचं दुकान चालवायचे. त्यांच्या शेजारच्या गाळ्यात एका तरुणाने गणपती विकायला मांडले होते.

"माल पेणचा हाय, छान हाय," चाचा हवालदाराला म्हणाले. "पण खोकी पार्सलची, न् वरची चिठ्ठी खरडून काढलेली. स्वतःचा माल विकणारा चिठ्ठी कशाला खरडील?"

रोहा पोलिसांना कळवून आम्ही गेलो. त्या मूर्ती सुनेने पाहताक्षणी ओळखल्या. सगळ्या धडधाकट, एकीच्याही सोंडेवर ओरखडासुद्धा नाही. तिने हात लावला नाही, नुसता पदर तोंडाला लावला.

तरुण तिशीचा. कंपनीत कंत्राटावर होता, काम सुटलेलं. चौकशीला बसवलं तर म्हणाला, माल पेणहून घाऊक घेतला, बिल हरवलं. खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. हा तर माझ्याही पुढे धावत होता. फोटो दाखवले तर म्हणे, हे मी कधी बघितलेच नाहीत. आवाज चढवून पाहिला, गोडीत घेऊन पाहिलं. बधेना.

दुपारी त्याची आई डबा घेऊन आली. सुरकुतलेली, चपला दाराबाहेर काढून उभी. मी म्हटलं, "मावशी, बसा." ती बसली नाही.

"साहेब, ह्याला न्यायचा तर न्या," ती म्हणाली. "पण घरात फुटका गणपती हाय, माळ्यावर, गोणत्यात. तो आधी बाहेर काढा. मी रोज शिडीखाली उभी ऱ्हाते न् त्याची माफी मागते. ह्याला कितीदा सांगितलं, नदीत सोड रे. सोडीत नाय."

पोराने मान खाली घातली आणि मग सगळं सांगितलं. वेगवेगळ्या नावांनी मूर्ती मागवल्या. पहिल्या मूर्तीची सोंड घरातल्या वरवंट्याने तोडली. तिचाच फोटो दर वेळी जागा बदलून काढला. बाकीच्या मूर्ती विकल्या. फुटकी नदीत सोडली नाही, कारण पुढच्या तक्रारीला ती लागणार होती. पंचांसमोर गोणतं उघडलं तेव्हा दोन्ही पंचांनी पायातल्या चपला काढल्या. पंचनाम्यात तसं लिहायची पद्धत नाही, म्हणून लिहिलं नाही.

मला वाटलं, आता म्हाताऱ्याचं मन हलकं होईल. मी स्वतः कारखान्यात गेलो. फळ्यांवर ओळीने गणपती उभे होते, सोवळं रंगवलेलं, दागिने सोनेरी, आणि डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. म्हातारबुवा पाटावर बसले होते.

"आबा, तुमचा हात चुकलेला नाही," मी म्हटलं. "एकही मूर्ती वाटेत फुटली नाही. त्या पोराने मुद्दाम फोडली, तीही एकच."

त्यांनी पाटावरून वर पाहिलं. मग विचारलं, "कशानी फोडली?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं का, ते मला अजूनही कळत नाही. विचारणाऱ्याला खरं सांगायचं, एवढंच मला येत होतं.

"माझा हात चुकला असता तर बरं झालं असतं, साहेब," ते म्हणाले. "मी देवाचे डोळे उघडले, न् त्या पोराने त्या डोळ्यांत बघून सोंडेवर वरवंटा मारला."

आखणीला दुसऱ्या कारखान्यातला कारागीर आणावा लागला. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. धडधाकट मूर्ती आणि ती फुटकी, सगळ्या मुद्देमालाच्या खोलीत राहिल्या. बाहेर चतुर्थी झाली, विसर्जन झालं, मी रात्रंदिवस बंदोबस्तात. फुटकी मूर्ती म्हणजे पुरावा. कोर्टाच्या हुकमाशिवाय तिला पाण्यात सोडता येत नव्हतं आणि म्हाताऱ्याचं एकच मागणं होतं, की ती सोडा.

हुकूम दिवाळीनंतर आला. ऑनलाइन विकणारं कोणी आता भेटलं तर मी सांगतो, पार्सल बांधताना मोबाईलवर चित्रीकरण करा, तक्रार आली तर फोटो निरखून पाहा, माल परत मागा. सांगताना ती सून डोळ्यांसमोर उभी राहते. गुन्हेगार सापडला की माझं काम झालं, असं मी नोकरीभर समजत आलो. सासऱ्यांनी पुन्हा कुंचला धरावा, हे तिचं काम तेवढ्याने झालं नाही, आणि ते करून देणं माझ्या हातात नव्हतं. याचं वाईट वाटतं, अजून वाटतं.

विसर्जनाला भोगावती नदीवर आम्ही चौघंच होतो. सासरे, सून, हवालदार आणि मी. मूर्तीच्या गळ्यात मुद्देमालाची चिठ्ठी सुतळीने बांधलेली होती. म्हाताऱ्याने विचारलं, "आता ही काढू?" मी मान डोलावली. त्यांनी गाठ सोडवून चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि गुडघाभर पाण्यात उतरले. मोरया कोणी म्हटलं नाही.

परत चढावर येताना सुनेने विचारलं, "बाबा, माघी गणपतीची माती उद्या भिजवायची ना?"

ते ओल्या धोतराचा सोगा पिळत होते. "तू भिजव गो," म्हणाले, आणि पुढे चालू लागले.