मिठाच्या खड्ड्यावरची हरणं

आयुष्यात माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या, पण एकीची आठवण झाली की अजून तळहातांना घाम सुटतो. त्या चुकीपायी माझा सख्खा भाऊ जाणार होता.

आमचं उत्तरेकडचं संस्थान नुकतंच नव्या राज्यात विलीन झालं होतं. मी सरकारी नोकरीतला गुरांचा डॉक्टर. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, शहराबाहेरच्या सरकारी दगडाच्या खाणीत विजेचा मिस्त्री. शहरातल्या हजीरा वस्तीत दादा, वहिनी आणि मी एकाच घरात राहायचो. खाणीच्या तळाशी सतत पाणी झिरपायचं आणि ते उपसायला विजेचा पंप होता. पंपाची सगळी जबाबदारी दादाची. खाणीला लागून दरबारच्या शिकारीचं राखीव माळरान होतं. तिथली हरणं मात्र कोणाचीच नव्हती. शिकारखातं मोडलं होतं, जंगलखात्याने ताबा घेतला नव्हता. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्यांची गत. मेली तर तेवढं मला बोलवायचे.

नव्या राज्यात कोणाला ठेवायचं आणि कोणाला जादा ठरवून काढायचं, याची यादी तेव्हा बनत होती. आमच्या घरी जेवताना दुसरा विषयच नसे.

वैशाखातल्या एका सोमवारी खाणीचा चौकीदार मला बोलवायला आला. खाणीच्या काठावर, अर्थिंगच्या खड्ड्याशी, एक काळवीट मरून पडलं होतं. पंपातून वीज गळलीच, तर ती तारेने वर येऊन जमिनीत जिरावी म्हणून तो खड्डा होता. त्यात मीठ आणि कोळसा भरलेला. जमीन ओली राहावी म्हणून चौकीदार रोज त्यात दोन बादल्या पाणी ओतायचा. काळवीट धडधाकट, अंगावर जखम नाही, नाकाशी फक्त थोडं काळपट रक्त.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "फाशी!"

फाशी म्हणजे गुरांचा भयंकर रोग. उभं जनावर बघता बघता आडवं होतं. असं जनावर फाडायचं नसतं, नाहीतर रोग मातीत मुरतो. म्हणून मी ते उघडून पाहिलं नाही. रक्ताचा थेंब काचेवर घेतला, पण नवं सरकार उन्हाळ्यात इंदूरहून चालायचं आणि काच बघायचा सूक्ष्मदर्शकही त्याच्या सामानाबरोबर तिकडे गेलेला. आणि खरं सांगायचं तर मला रोग हवाच होता. साथ रोखणारा डॉक्टर जादा कसा ठरेल? मी काळवीट चुन्यात पुरायला लावलं, खड्ड्याभोवती दोर बांधला आणि हुकूम सोडला की पन्नास पावलांच्या आत कोणी फिरकायचं नाही.

दोर माणसांनी पाळला, हरणांनी नाही. बुधवारी एक हरिणी मेली, शुक्रवारी दुसरी.

शुक्रवारी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. हरिणीची जीभ बाहेर आली होती आणि तिला पांढरट माती चिकटलेली होती. खड्डा खुरांनी उकरलेला, भेगाळलेला, ठणठणीत कोरडा.

"ही इथे कशाला येतात?" मी चौकीदाराला विचारलं.

"नमक चाटने, डाक्टर साहब. पहले शिकारखाने वाले भगा देते थे. अब कौन भगाए?"

"आणि पाणी? तू रोज ओततोस ना?"

"आपने ही तो मना किया था. सोमवार से एक बूँद नहीं डाली," असं म्हणत तो खड्डा दाखवायला दोर ओलांडून पुढे गेला. अनवाणीच होता. दोन पावलं टाकली आणि ओरडत मागे उडाला. "जमीन काटती है, साहब!"

माझ्या पायात जाड तळाचे बूट होते. सोमवारपासून तिथे हिंडत होतो आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

दादा जेवताना शंभरदा सांगायचा, खड्डा सुकला की गळलेली वीज जिरत नाही आणि पंपाचं लोखंडच जिवंत होतं. चार पायांच्या जनावराचे पुढचे नि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे गळती जोरात असली तर ओल्या खड्ड्यावरही वीज एकीकडून शिरते, काळजातून दुसरीकडे निघते. मी 'हो, हो' करत भात कालवायचो.

मी काठाकडे धावलो. खाली दादा गुडघाभर पाण्यातून पंपाकडे चालला होता, झडप आवळायला. मी हाका मारल्या, पण पंपाच्या घरघरीत त्याला कुठलं ऐकू येणार! माझी पाचावर धारण बसली. काठावरच्या विजेच्या पत्र्याच्या खोलीत शिरलो तर तीन खटके, एकावरही नाव नाही. तिन्ही खाली ओढले.

एकदम सगळं शांत झालं. मग खालून दादाच्या शिव्या ऐकू आल्या. इतक्या गोड शिव्या मी जन्मात ऐकल्या नाहीत.

तो वर आला तो हात उगारूनच. मी हरणांचं सांगितलं तसा हात खाली आला. त्याने तारेला दिवा जोडला, खाली जाऊन एक टोक पंपाच्या लोखंडाला बांधलं, दुसरं दूर चिखलात खोचलं आणि वर येऊन खटका चढवला. दिवा लख्ख पेटला.

दादा दगडावर बसला. म्हणाला, "सोमवारपासून हाताला झिणझिण्या येताहेत."

"मग बोलला का नाहीस?"

"फ्यूजमध्ये जाड तार मीच घातलीय. ती वितळत नाही, त्यामुळे गळती झाली तरी वीज तुटत नाही. बारीक तार मागितली तर विलीनीकरणामुळे गोदामाला सील. पंप बंद ठेवला असता तर यादीत पहिलं नाव माझंच. सगळ्याच खाणींत हेच चाललंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू फाशीच लिही."

मी त्याच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. रोगाचं सोंग मी नोकरीसाठी केलं आणि झिणझिण्या त्याने नोकरीसाठी गिळल्या, याचा मला इतका संताप आला की बोलता बोलता रडू फुटलं. घरी येऊन खरं ते लिहिलं. हरणं विजेने मेली. खड्डा माझ्या हुकमाने सुकला. फ्यूजची तार जाड आहे, इतर खाणींतल्याही तपासाव्या.

तारा बदलल्या. मला ताकीद मिळाली आणि दादाची नोकरी गेली. त्याने टोपी बाजारात मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं आणि हजीऱ्यातच वेगळं बिऱ्हाड केलं. माझ्याशी बोलणं बंद. मी दुकानासमोरून गेलो की तो मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळत बसायचा.

संक्रांतीला मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो उठून आत निघून गेला. मला फार लागलं. मी वहिनीला म्हणालो, "माझंच चुकलं. मी नको होतं लिहायला."

वहिनीने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "भावजी, ते तुमच्याशी बात नाही करत, न करोत," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी तर येतात."