तारा सोडलेला रिले

भुताखेतावर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. अंगात येणाऱ्या बायांना मी तोंडावर म्हणायचे, "बाई, घोटभर पाणी पी अन् गप बस." म्हणून हे सांगताना माझाच मला राग येऊन राहिलाय. पण डोळ्यांदेखत घडलेलं खोटं कसं म्हणू?

निजामाच्या राजवटीची शेवटली वर्षं होती. मी औशाची, लग्न होऊन नांदेडला आले. आमचे हे स्टेशनच्या अंगाला एका जिनिंग कारखान्यात वायरमन होते. सगळे त्यांना मिस्तरी म्हणत. कारखान्याचा स्वतःचा डायनॅमो होता. आम्हाला राहायला आवारातच खोली दिलेली... म्हणजे नोकरी गेली की छप्परही गेलं. अन् माझ्या कडेवर तान्ही पोर.

एका मजुराला यंत्राचा शॉक बसला, म्हणून शेठनं हैदराबादेहून एक रिले मागवला, भिंतीला लावायची लहानशी पेटी. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण जेवताना ह्यांची बडबड ऐकून ऐकून मला तो पाठ झाला होता. यंत्राच्या लोखंडात वीज उतरली, की ती तारेनं रिलेतून जमिनीत जाते. जाता जाता रिलेला ओढते, त्याचा पत्रा खाली येतो, अन् रिले मेन स्विच पाडतो. माणूस चिकटायच्या आत सगळं बंद! ह्यांनी स्विचच्या खोलीमागं खोल खड्डा खणला, तांब्याची पाटी उभी पुरली, भोवती कोळसा अन् मीठ भरलं. वर एक नळी ठेवली. जमीन ओली राहावी म्हणून तिच्यातून पाणी ओतायचं.

झालं! रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालणाऱ्या बायांनी पाहिलं—मिस्तरीनं मीठ पुरलं, कोळसा पुरला, वरून पाणी घालतो. दुसऱ्या दिवशी नळीला हळदकुंकू. गयाबाई त्या सगळ्यांची पुढारीण. दुपारी भाकरी खायच्या आधी ती तांब्याभर पाणी घाली अन् हात जोडी.

"गयाबाई, ते अर्थिंग हाय, देव न्हाई!" हे ओरडायचे.

"तुमच्यासाठी नसंल मिस्तरी. आमच्या पाण्यानं काय बिघडतंय?"

बिघडत होतं ना! गयाबाईनं पाणी घातलं की थोड्या वेळानं रिले पडायचा. रोज. रेचे बंद, कापसाचा ढीग दारापर्यंत, शेठ लालबुंद. हे म्हणायचे, "जमीन ओली झाली की रिलेला नीट कळतं. म्हणजे कुठंतरी वीज गळून राहिली." मग सगळ्या तारा तपासायच्या, पुन्हा जोडायच्या, अन् गळती काही सापडायची नाही. घरी आले की भाकरीवर राग. मीठ जास्त, पीठ जाड, पोर रडते कशाला... मी म्हटलं, "आवं, रिले तिकडं पडतो, आम्हाला का बोलता?"

शेवटी शेठनं हुकूम सोडला. "मिस्तरी, ही पेटी काढा, न्हाई तर बिऱ्हाड काढा."

ह्यांनी बायांना पाणी घालायला बंदी केली. रिलेच्या सगळ्या तारा सोडल्या, टोकांना चिंध्या गुंडाळल्या. मी जेवण घेऊन गेले होते, माझ्यासमोरच. नुसती पेटी भिंतीला लटकत राहिली. मग खोलीला कुलूप घालून चावी करदोट्याला बांधली. गयाबाई जाता जाता म्हणालीच, "तहानलेलं ठेवलंत, मिस्तरी."

"जा बाई, कापूस घाल!"

दुपारी हे आमच्या खोलीसमोर हात धूत होते. पाणी मी घालत होते. रेच्यांचा घरघराट चालला होता... अन् एकदम सगळं गप्प.

आम्ही धावलो. कुलूप जसंच्या तसं. ह्यांनी उघडलं. मेन स्विच पडलेला, अन् रिलेचा पत्रा खाली आलेला. तारा चिंध्यांत गुंडाळलेल्या, तशाच!

शेठ मागोमाग आले. "चावी तुमच्या कमरेला, मिस्तरी. मग पाडला कोणी?"

हे चिंध्या चाचपून पाहू लागले. तेवढ्यात आतून बाया ओरडल्या. गयाबाई हात धुऊन आली होती, ओल्या हातानं कडेच्या रेच्याचं लोखंड धरून बसायला वाकली, तेवढ्यात यंत्र थांबलं. ह्यांचं तोंड उतरलं. सगळ्यांना लांब केलं, स्विच टाकला, त्या रेच्याला तपासायचा दिवा लावला. दिवा लखलखीत पेटला. मोटरीची वायर बुडाशी, लोखंडाच्या आड घासून उघडी पडली होती.

"हात लावला तर मुंग्या येत न्हवत्या का तुम्हाला?" ह्यांनी बायांना विचारलं.

"कवापासून येतात की! आम्ही म्हनलं, आईनं हात फिरवला."

ह्यांनी कपाळ बडवून घेतलं.

नोकरी वाचली, खोली वाचली. शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "शाबास! गळती कळली होती तुम्हाला, म्हणून युक्तीनं स्विच पाडलात." वर ह्यांच्या डोक्याला फेटा बांधला.

"मालक, मी पाडला न्हाई," हे सांगून सांगून थकले. शेठ हसायचे. गयाबाईचं वेगळंच—तिनं नळीला नारळ फोडला अन् ह्यांना खोबरं दिलं. न केलेल्या कामाचा फेटा अन् न मानलेल्या देवाचा प्रसाद! ह्यांनी तारा परत जोडल्या. पण त्याआधी, धक्क्यानं पडतो का बघायला, पेटीवर हातोड्यानं ठोकून पाहिलं, भिंत हलवून पाहिली. पत्रा हलला नाही. पुढं किती इंजिनीअरांना विचारलं, कोणी धड सांगितलं नाही. भूत असतं तर एकदाचं मानलं असतं, म्हणायचे, पण तारेवाचून रिले पडतो म्हणजे काय!

सगळे म्हणत, बायको नवऱ्याचीच बाजू घेणार. आता हे जाऊन बरीच वर्षं झाली. शेठ गेले, गयाबाई गेली. वाचवायला कोणी उरलं नाही, तेव्हा खोटं बोलायचं मला काय कारण? स्विच पडला तेव्हा ह्यांचे दोन्ही हात माझ्या तांब्याखाली होते. मग तो कोणी पाडला... मला ठाऊक नाही.