बाकांच्या खोलीतला श्वास

माझ्या नणंदेला शाळेने काढून टाकलं. पत्रात कारण दिलं होतं, 'मुलांना शांत ठेवण्यात कसूर.' ते पत्र मीच टाईप केलं, कारण त्या शाळेच्या ऑफिसात अकरा वर्षं मीच कारकून आहे. 'कसूर' हा शब्द टाईप करताना माझे दात इतके आवळले गेले की रात्री दाढ दुखत होती. लोक विचारतात, नक्की झालं काय? म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते.

वन्संचा राग आधीपासूनच नाकाच्या शेंड्यावर. बस थांब्याच्या दहा पावलं पुढे जाऊन थांबली, कुणी दारात चपला वेड्यावाकड्या काढल्या, की झालंच. म्हणून शाळेने जेव्हा त्यांना मुलांना योग शिकवायला नेमलं आणि त्यातून मुलांनी राग, रडू, भीती आवरायला शिकायचं असं ठरलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात हसून हसून खाली बसले.

"वन्सं, लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

"कोरडे पाषाण कोण ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुझं दूध उतू चाललंय, ते बघ आधी."

त्यांचं लग्न विसाव्या वर्षी झालं आणि बाविसाव्या वर्षी एक पिशवी घेऊन त्या माहेरी परत आल्या. तिकडे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि इकडे कुणी विचारलंही नाही. पुढची पंधरा वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवल्या. पाठ कामातून गेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा नाहीतर योग करून बघा. मोहल्ल्याच्या सभागृहात एक निवृत्त गृहस्थ पहाटे फुकट शिकवायचे. त्यांच्याकडे त्या सहा वर्षं शिकल्या, परीक्षा दिल्या, आणि पाठ अशी सरळ झाली की आता मीच त्यांच्याशेजारी कुबड काढून चालल्यासारखी दिसते.

शाळेने त्यांना जुनी प्रयोगशाळा दिली. मधले दगडी ओटे तसेच होते, त्यांच्यामधल्या जागेत सव्वीस चटया. पायांचा वास इतका की खिडक्या उघड्या ठेवूनच तास चालायचा. वन्सं मुलांना डोळे मिटून फुलांचे बगीचे वगैरे बघायला सांगत नसत. पहिला प्रश्न असायचा, "आज कुठं अडकलंय?" मग प्रत्येकाने अंगावर तिथे हात ठेवायचा. कुणाचा पोटावर, कुणाचा गळ्यावर. एकाने दप्तरावर ठेवला. "गृहपाठ नाही झाला?" "झालाय बाई, वडिलांची सही नाही झाली." एका मुलीने शेजारणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझं हे अडकलंय."

मग मांजर, झाड, भुंग्यासारखं गुणगुणणं, आणि शेवटी लांब श्वास. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. मधल्या सुट्टीत एकमेकांना लोळवणारे सहावीतले दोघे महिन्याभराने येऊन म्हणाले, "बाई, आज आम्ही आधी श्वास घेतला, मग मारामारी केली."

"प्रगती आहे," वन्सं म्हणाल्या.

तासाच्या शेवटी त्यांची एक पद्धत होती. आठवड्यात ज्याने राग नाहीतर रडू आवरलं असेल त्याने पुढे यायचं, एका वाक्यात सांगायचं, आणि वन्संनी पाठीवर थाप मारायची, "शाब्बास!" चॉकलेट नाही, तारे नाहीत, फक्त थाप. आणि कारण विचारायचं नाही. हा त्यांचा नियम होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "कारण विचारलं की मुलं गोष्टी रचायला लागतात," त्या म्हणायच्या. "मला त्यांच्या गोष्टी नकोत, श्वास हवा." मलाही ते फार शहाणपणाचं वाटायचं.

तिसरीत एक मुलगी होती, आठ वर्षांची. तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती सकाळी फाटकात सुरू व्हायची ती शाळा सुटेपर्यंत. माझ्या टेबलापाशी येऊन तिने मला त्यांच्या मांजरीच्या तिन्ही बाळंतपणांची हकिगत सांगितली होती. ही मुलगी पावसाळ्यानंतर गप्प गप्प व्हायला लागली. तिचे वर्गशिक्षक म्हणजे गणिताचे सर. शिक्षकांच्या खोलीत ते म्हणाले, "रेडिओ बंद पडला एकदाचा! योगाच्या बाईंची कृपा." सगळे हसले. वन्संही हसल्या. रेडिओ दर आठवड्याला पुढे यायची. "बाई, मी रडले नाही." थाप. "बाई, मी साठ आकडे मोजले." थाप. घरी जेवताना वन्सं सांगायच्या, "तीनच महिन्यांत काय फरक पडलाय बघ त्या पोरीत!"

मग संस्थेचे अध्यक्ष शाळा बघायला आले. प्रयोगशाळेत खुर्च्या मांडल्या. रेडिओला ओट्यावर बसवलं. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, चार आत, सहा बाहेर. कुठेही चुकली नाही. अध्यक्ष खूश झाले. त्यांनी कौतुकाने विचारलं, "बाळ, हा श्वास तुला कधी उपयोगी पडतो?"

"बाकांच्या खोलीत," ती म्हणाली.

"ही कुठली खोली?"

"जिन्याखालची. तुटकी बाकं ठेवतात ना, ती. पाढा चुकला की सर मला आत ठेवतात आणि बाहेरून कडी लावतात. आत दिवा नाही. आधी मी दार वाजवायचे. आता श्वास घेते. साठ आकडे दहा वेळा मोजले की सर उघडतात."

कविता म्हणून दाखवावी तसं तिने हे सांगितलं. आणि मग मान वळवून वन्संकडे बघितलं. थाप कधी मिळते याची वाट बघत होती.

मुख्याध्यापिका, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, हसून म्हणाल्या, "बघा ना साहेब, किती खंबीर झालीय! या उपक्रमाचं हेच तर यश आहे." अध्यक्षांनी "वा, वा" म्हणून घड्याळ बघितलं आणि सगळे चहाला गेले. चहाला! मी दारात फाईल घेऊन उभी होते. मी काय केलं? त्यांना वाट करून दिली.

आणि माझं सांगायचं राहिलंच आहे. त्या खोलीच्या कुलपाची किल्ली माझ्या खुर्चीमागे खिळ्याला असते. तीन महिने सर ती न्यायला यायचे. "एक बाक दुरुस्तीला काढायचंय," म्हणायचे. दिवसाआड एक बाक! एवढी बाकं बाहेर निघाली असती तर पटांगण भरलं असतं. मी मान वर न करता म्हणायचे, "घ्या." दुसऱ्यांवर चिडायचा मला किती हक्क आहे ते मला कळतं. तरीही मी चिडणार.

अध्यक्षांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि वन्सं मोठ्या बाईंच्या खोलीत शिरल्या. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"जुने शिक्षक आहेत हो, जरा कडक आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यांच्या वर्गाचा निकाल बघा."

"अंधारात कोंडतात ते आठ वर्षांच्या मुलीला."

"दहा मिनिटं. आणि आता कुठं तिला त्रास होतो? पूर्वी केवढा थयथयाट करायची."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम करा. मुलं शांत राहतील एवढं बघा."

संध्याकाळी घरी वन्सं एकच पातेलं घासत बसल्या होत्या. "तेरा वेळा," त्या म्हणाल्या. "तेरा वेळा त्या पाठीवर थाप मारली मी. आणि एकदाही विचारलं नाही, बाळा, रडू येत का होतं? त्या माणसाने कोंडलं, आणि तिने आत गुपचूप बसावं म्हणून शिकवणी मी घेतली!" पातेलं त्यांनी मोरीत असं आदळलं की सासूबाई आतून उठून आल्या.

मी किल्लीचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग आपण एकाच माळेचे मणी." मला ते इतकं झोंबलं की मी त्यांच्याशी भांडले. खरं होतं म्हणूनच भांडले.

तासाभरात आम्ही दोघी रेडिओच्या घरी होतो. तिची आई औषधांच्या गोदामात खोकी भरायला जाते. ऐकून ती भिंतीला टेकली. "मला काही बोलली नाही हो. हल्ली हट्ट करत नाही, रडत नाही. मला वाटलं, पोर शहाणी झाली. मी तर सगळ्यांना सांगत होते." मग म्हणाली, "उद्या अकराला सुट्टी मागून येते शाळेत. बघते एकेकाला."

वन्सं रेडिओसमोर जमिनीवर बसल्या. "बाळा, माझं चुकलं."

"कशात?"

"तुला गप्प बसायला शिकवलं त्यात. आता तिथे श्वास मोजायचा नाही."

"मग आत गेल्यावर काय करू?"

"आत जायचंच नाही. ओरडायचं."

"पण तुम्ही तर म्हणता, ओरडायच्या आधी श्वास घ्या."

"ओरडायला लागतो तेवढा घे," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला सर माझ्या टेबलापाशी आले. रात्रीतून त्यांना पश्चात्ताप झाला असेल असं कुणाला वाटत असेल तर ते विसरा. त्यांचा चेहरा लाल होता. आठ वर्षांच्या मुलीने अध्यक्षांसमोर चुगली केली होती ना!

"किल्ली."

"देणार नाही," मी म्हणाले. अकरा वर्षांत शाळेत पहिल्यांदा हे दोन शब्द बोलले, आणि स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. सर मोठ्या बाईंकडे गेले. त्यांच्या कपाटात दुसरी किल्ली होती. ती त्यांनी दिली. दिली हो! कालचं सगळं ऐकून दिली. मी जागेवरून उठेपर्यंत सर वर्गाकडे गेलेसुद्धा.

मग ते ओरडणं आलं. आधी मला वाटलं, कुणी जिन्यावरून पडलं. एक लांब, चिरका आवाज, मग श्वास, मग पुन्हा तो आवाज. वर्गांतली शिकवणी थांबली. मी धावले. रेडिओने जिन्याचा कठडा एका हाताने घट्ट धरला होता आणि तिचं दुसरं मनगट सरांच्या हातात होतं. मागे बाकांच्या खोलीचं दार उघडं. मुलं जिन्यावर, वऱ्हांड्यात, सगळीकडे.

मोठ्या बाई बाहेर आल्या. "अरे, योगाच्या बाईंना बोलवा! अहो, शांत करा हिला!"

वन्सं प्रयोगशाळेतून तशाच अनवाणी आल्या. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी नुसतं "श्वास" म्हटलं असतं तरी पोर गप्प झाली असती. हे मला माहीत होतं, मोठ्या बाईंना माहीत होतं, वन्संना तर होतंच. त्या सरळ सरांपाशी गेल्या आणि त्या मनगटावरून सरांचं एकेक बोट सोडवलं.

"बाई, तिला गप्प करा आधी!"

"नाही."

"ह्यासाठी ठेवलंय तुम्हाला!"

"मग ठेवू नका," वन्सं म्हणाल्या. आणि रेडिओकडे वळून, "ओरड तू."

पुढे चौकशी झाली. त्या खोलीचं दार सुताराने बिजागऱ्यांसकट काढून नेलं, सरांनी राजीनामा दिला, आणि त्याच आठवड्यात वन्संचं ते पत्र माझ्या टेबलावर आलं. मोठ्या बाई आहेत तिथेच आहेत. हे सगळं फाईलमध्ये आहे, कुणीही वाचावं.

फाईलमध्ये नाही ते एवढंच. अकराला दहा मिनिटं असताना रेडिओची आई फाटकातून आत आली. आवाज तिला रस्त्यापासून ऐकू येत होता, ती धावतच आली. तिने लेकीला उचलून घेतलं, तरी पोर ओरडतच होती. तीन महिन्यांचं होतं ते, असं कसं लगेच संपेल? सर मान खाली घालून गर्दीतून वाट काढायला लागले. वन्संनी त्यांची वाट अडवली. वन्संचा चेहरा ओला होता, तो त्यांनी पुसला नाही.

"कुठं चाललात?" त्या म्हणाल्या. "थांबा. तिचं सगळं ऐकून जा."