सोळा बटणं आणि चार गणपती

माझ्या सासऱ्यांच्या कीबोर्डची सोळा बटणं मी एकदा चार गणपतींच्या पाटाखालून सोडवून आणली आहेत.

मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत यंत्रं दुरुस्त करतो आणि रोह्याला लागून असलेल्या अष्टमीत राहतो. कंपनीतली यंत्रं चालतात. घरातली का चालत नाहीत, ते मला विचारू नका. माझी बायको वैशाली सगळ्यांना सांगते, "वस्तू कायमची बंद करायची असेल ना, तर आमच्या ह्यांच्याकडे द्या!"

सासरे, म्हणजे आमचे मामा, पेणजवळच्या हमरापूरचे. त्यांनी उभा जन्म पेणला कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप केले. आधी टाइपरायटरवर, मग एका जुन्या कॉम्प्युटरवर. त्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड असा वजनदार, की पडला असता तर फरशी फुटली असती. गेल्या वर्षी कॉम्प्युटर गेला. मेहुण्याने, दीपकने, हौसेने लॅपटॉप आणून दिला. पण मामांचा हात आता थरथरतो, आणि लॅपटॉपची बटणं नुसत्या स्पर्शाने उमटतात. 'माननीय' लिहायला गेले तर 'मममाननननीय' झालं. मामांनी झाकण लावलं ते लावलंच. कोणी अर्ज घेऊन आलं की म्हणायचे, "दुसरीकडं बघा आता." आणि दिवसभर ओटीवर गप्प बसायचे. ते बघवत नव्हतं.

गणपतीच्या आधी मी दोन दिवस रजा काढून हमरापूरला गेलो होतो, तेव्हा खारेपाटातली ताराबाई दारात उभी राहिली. बांध फुटून खाडीचं पाणी त्यांच्या भातात शिरलं होतं, आणि सोमवारी साहेबापुढे अर्ज द्यायचा होता.

"दादा, अर्ज तुमच्याच हातचा पायजे. तुमचा अर्ज सायेब वाचतो तरी!"

मामांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "जावईबापू, तो जुना कीबोर्ड या लॅपटॉपला जोडता येल काय वो?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तोवर मामांनी मला फक्त एकच प्रश्न विचारला होता: "जेवलात?" माझी छाती अशी फुगली म्हणता!

"उद्या संध्याकाळपर्यंत करून देतो," मी म्हणालो. (हे वाक्य मी कंपनीतही उच्चारत नाही.)

"व्हय? मग सांगतो हिला, अर्ज परवा सकाळी ने." आणि मामा निर्धास्तपणे वडखळला बहिणीकडे गेले.

जुन्या कीबोर्डची पिन अंगठ्याएवढी, गोल, पाच काड्यांची. लॅपटॉपचं भोक चपटं, नखाएवढं. पेणच्या बाजारातून आणलेलं साधं जोडणं लावलं, तर कीबोर्ड मख्ख! मग कळलं, की नुसती पिन बदलून भागत नाही. जुन्याचं बोलणं नव्याला समजावून सांगणारं एक चिमुकलं सर्किट मध्ये लागतं. तसलं सर्किट माझ्या बॅगेत होतं. (बायको विचारते, बॅगेत कपडे कमी आणि वायरी जास्त का? म्हणून!) चार वायरी डाग देऊन जोडल्या. त्यातल्या दोन उलट्या जोडल्या, बोट भाजलं, परत सुलट्या जोडल्या, आणि काय सांगू, कीबोर्ड चालला! ठाक ठाक ठाक, एकेक अक्षर टपोरं, थरथरत दाबलं तरी एकदाच!

इथे थांबलो असतो तर माझं नाव झालं असतं. पण बटणांच्या फटींत वीस-पंचवीस वर्षांची धूळ, तपकीर आणि शेवेचे कण होते. म्हटलं, जावयाने काम केलंय, दिसायला नको? सगळी बटणं उपटली, साबणाच्या पाण्यात धुतली, आणि शेजारीच दीपकचा गणपतीचा कारखाना आहे, तिथल्या फळीवर उन्हात वाळत घातली. मग जेवलो. मग जरा पडलो.

उठून बघतो तर फळीवर सोळा बटणं कमी!

"दीपक! इथली बटणं कुठायत?"

दीपक गणपतीच्या सोंडेला रंग देत होता. मान वर न करता म्हणाला, "कुठली बटणं?"

"पांढरी! प्लास्टिकची! वर इंग्रजी अक्षरं असलेली!"

"ती होय! ते टेकू नाय काय?" आता कुठे त्याने ब्रश खाली ठेवला. "पाटाच्या कडेला सोनेरी मारला की मूर्ती फळीला चिकटते. म्हणून खाली चार टेकू लावतो आम्ही. मला वाटलं, कंपनीतनं चांगले टेकू आणलेत भावजींनी!"

"मग मूर्ती कुठायत?"

"मघाशीच टेम्पोत गेल्या. रंग पुरता वाळला नव्हता, टेकू चिकटून बसले. म्हटलं जाऊ द्यात, पाय लावल्यासारखे शोभतायत."

"कुठे गेल्या?"

"रोह्याला. तुमच्याच अष्टमीत, स्टॉलवर."

म्हणजे ज्या गावाहून मी रजा काढून आलो होतो, त्याच गावाला कीबोर्ड गेला होता! मोटारसायकलला किक मारली. वडखळजवळून जाताना मामा दिसू नयेत म्हणून हेल्मेटची काच खाली ओढली.

स्टॉलवर ही गर्दी. मी सरळ घुसलो आणि छोट्या मूर्ती एकेक उचलून खालून बघायला लागलो.

"ओ! बाप्पाला आडवं काय करताय?" स्टॉलवाला ओरडला.

"खाली अक्षर आहे का बघतोय."

हे वाक्य मी नको इतक्या मोठ्याने बोललो. शेजारच्या मावशींनी लगेच मैत्रिणीला कोपरखळी मारली. "अगो, यंदा अक्षर बघून घ्यायचा हाय!" झालं! दोन मिनिटांत अख्खा स्टॉल मूर्ती उचलून खाली वाकून बघू लागला. "याच्या खाली कायच नाय वो, दुसरा दाखवा!" स्टॉलवाला रडकुंडीला आला. (प्राणप्रतिष्ठा झालेली नव्हती, म्हणून बाप्पाने सगळ्यांना माफ केलं असावं.)

तीन मूर्ती सापडल्या. दोन मी तिथेच उलट्या करून आठ बटणं हलकेच उचकटली. तिसरी एका आजोबांनी छातीशी धरलेली. तिच्या खाली एम होता.

"सोडणार नाय! आमच्या नातवाचं नाव मिहिर हाय. बाप्पाने आपणहून अक्षर आणलान!"

"आजोबा, ते माझ्या सासऱ्यांच्या कीबोर्डचं बटण आहे हो!"

"मग सासऱ्यांना सांगा, दुसरं अक्षर वापरा!"

शेवटी स्टॉलवाल्याने सोनेरी रंग काढला आणि पाटाखाली झोकात एम काढून दिला. आजोबांनी मला चारही बटणं दिली. पण ते बघून मावशींना 'एस' हवा झाला, मैत्रिणीला 'आर', आणि मी निघालो तेव्हा स्टॉलवाला रांग लावून अक्षरं काढत होता. माझ्याकडे त्याने ज्या नजरेने बघितलं, ती मी विसरणार नाही.

बारा बटणं झाली. चौथी मूर्ती मी पोहोचायच्या आधीच विकली गेली होती. कोणाला, ते स्टॉलवाल्याला आठवेना. मी नदीवरच्या पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. मामा परत ओटीवर गप्प बसलेले डोळ्यांपुढे आले. तेवढ्यात वैशालीचा फोन.

"अहो, मी मूर्ती आणली. दीपकच्याच हातची! पण त्याला सांगा, खाली कसले पाय लावतो? डुगडुगत होती नुसती. काढले मी."

"कुठे टाकलेस?" मी ओरडलोच.

"टाकते कशाला? चांगलं प्लास्टिक आहे. डब्यात ठेवलंय."

बायकोच्या काहीही न टाकण्याच्या सवयीवर मी अकरा वर्षं बोललो होतो. त्या दिवशी मी तिला फोनवरच हात जोडले.

घरून ती चार बटणं घेऊन मी हमरापूरला पोहोचलो आणि शेवटचं बटण दाबून बसवतोय, तोच मामा आत आले. कीबोर्डकडे बघितलं. काही बटणांच्या कडा सोनेरी झाल्या होत्या. काही विचारतील म्हणून मी उत्तर जुळवू लागलो. पण त्यांनी सरळ खुर्ची ओढली, डोळे भिंतीवर लावले, आणि सुरू झाले. ठाक ठाक ठाक! बटणांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. ताराबाईचा अर्ज पुरा झाला तेव्हा दारात दीपक ब्रश घेऊन उभा, आणि माझ्या डोळ्यांत पाणी. लाज कसली त्यात? सुटलो होतो मी!

मग मामांनी प्रिंटरला दुसरा कागद लावला. पुन्हा ठाक ठाक. छापून माझ्या हातात दिला.

"प्रति, सौ. वैशाली. विषय: जावयास यापुढे कोणतीही वस्तू धुण्यास न देण्याबाबत. महोदया, दीपककडून सर्व हकिगत फोनवर समजली..."

पानभर मजकूर होता. मी दोनदा वाचला. एक अक्षर चुकलं नव्हतं, एक दुबार उमटलं नव्हतं! इतकी पक्की दुरुस्ती मी आयुष्यात केली नव्हती. अभिमानाने खाली 'मान्य' लिहिलं आणि सही ठोकली.