खिळ्यावरची घंटी

गल्लीत बातमी अशी होती, की शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी आपली ती घंटी एका मोठ्या कारखान्याला विकली, दुकानाला कुलूप ठोकलं आणि आता ते बंगल्यासाठी जागा बघत हिंडताहेत. इस्त्रीवालीने तर दुपारीच बंगल्याला दुसरा मजला चढवला होता. संध्याकाळपर्यंत वर गच्चीही आली असती. खरं एवढंच, की मंगळवारी दुपारी मिस्त्रींच्या दुकानाचं दार तासभर बंद होतं. आणि मिस्त्री गेले होते कुठे, तर समोरच्या कुलूपवाल्याकडे. मध्ये नुसता रस्ता, मोजून बारा पावलांचा. ती बारा पावलं टाकायला त्यांना सहा वर्षं लागली होती. खरी बातमी हीच. पण तिच्यात बंगला नव्हता, त्यामुळे ती कुणी चालवली नाही.

दुरुस्तीची सात-आठ दुकानं असलेली ही गल्ली. प्रत्येकाच्या दाराबाहेर, हात पोहोचेल अशा उंचीवर, एक खिळा. कुणाला काही नवं सुचलं, की त्याचा एक नमुना करून त्या खिळ्यावर टांगायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याने तो काढून बघावा, मापं घ्यावीत, परत टांगावा. बघून झाल्यावर ‘छे, हे टिकायचं नाही’ असं म्हणणं मात्र बंधनकारक. आणि का टिकायचं नाही हे सांगितल्याशिवाय पायरी उतरायची नाही. शाबासकी या गल्लीत कुणी कुणाला दिली नाही. खोड मात्र मन लावून काढली. त्यामुळेच इथल्या वस्तू टिकायच्या.

मिस्त्रींनी फार पूर्वी बॉबिनवर बसणारी एक झाकणी केली होती, धागा गुंतू नये म्हणून. टांगली खिळ्यावर. वर्षभराने मिस्त्रीणबाई बाजारातून एक चकचकीत पाकीट घेऊन आल्या.

“अहो, बघा किती सोयीची झाकणी निघालीय. तुम्ही जन्मभर मशिनीत डोकं घालून बसता, तुम्हाला कधी असं सुचत नाही ते!”

मिस्त्रींनी पाकीट फोडलं. झाकणीच्या डाव्या कडेला एक बारीक खाच होती. ती खाच कशाची हे जगात एकट्या मिस्त्रींना ठाऊक होतं. नमुना घासताना त्यांची कानस घसरली होती. कारखान्याने हजारो झाकण्यांवर ती चूकसुद्धा इमानेइतबारे उतरवली होती. बाईंना त्या खाचेचं कारण कळलं तेव्हा त्यांनी ती झाकणी डब्यात टाकली आणि पुढे कधी वापरली नाही.

मग काही वर्षांनी घंटी आली. मशीनवर बसलेल्या माणसाचं एक जुनं दुखणं असतं: खालच्या बॉबिनमधला दोरा कधी संपला ते कळत नाही. माणूस आपला शिवत सुटतो, पँटचा अख्खा पाय शिवून होतो आणि उचलून बघावं तर टाका एकही नाही. मिस्त्रींनी काय केलं, तर दोऱ्यावर टेकेल अशी एक पातळ पट्टी बसवली. दोरा कमी झाला की पट्टी खाली, पट्टी खाली गेली की छोटीशी घंटी वाजायची: टिंग. पट्टी कसली घ्यावी यावर घोडं अडलं होतं, तेव्हा कुलूपवाल्यानेच सांगितलं, “माझ्या जुन्या कुलपातली पत्ती लाव. ती वाकेल, पण मरायची नाही.” ती लावली आणि घंटी खिळ्यावर गेली. अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी भाचा आला.

भाचा एका वकिलाच्या ऑफिसात कामाला. शर्ट नेहमी खोचलेला, आणि बोलणंही.

“मामा, हे बाहेर काय टांगलंय? घराची किल्ली टांगाल का अशी?”

“नमुना आहे.”

“नमुना तुम्हीच आहात. झाकणी विसरलात? याचं पेटंट घ्यायचं. कागद झाला, की कुणाची हिंमत होणार नाही.”

झाकणी कोण विसरणार? मिस्त्रींनी घंटी खिळ्यावरून काढून कपाटात ठेवली. एक तेवढी मिस्त्रीणबाईंच्या मशीनवर राहिली. भाच्याने दोन गोष्टी बजावल्या. एक, याबद्दल कुणाशी बोलायचं नाही. दोन, अर्ज गेल्यावर यात बदल करायचा नाही. केलाच तर पुन्हा नवा अर्ज.

आता घंटीत एक खोड होती. जाड कापड आलं, की मशीनला हादरा बसायचा आणि दोरा भरलेला असतानाही घंटी वाजायची. नव्या वस्तूत खोड असतेच. पंधरा दिवस खिळ्यावर राहिली असती तर कुणीतरी नाक मुरडून उपाय सांगून गेलं असतं. पण अर्ज गेला होता. खोडीसकट गेला होता. मिस्त्रीणबाई पडद्याचं जाड कापड घेऊन बसल्या की टिंग, आणि दाराची घंटी समजून त्या उठून दार उघडायच्या. पहिली दोन वर्षं हे विनोदी होतं.

नंतर पत्रं यायला लागली. पत्राला उत्तर, उत्तरावर शंका, शंकेला खुलासा, आणि खुलासा ठरावीक आकाराच्या कागदावर नाही म्हणून परत. एका पत्रात मिस्त्रींच्या घंटीला ‘ध्वनिनिर्देशक यंत्रणा’ म्हटलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि बायकोला म्हणाले, “हे आपलंच आहे ना, बघ जरा.” एके काळी संध्याकाळी दुकान आवरताना त्यांचे हात काहीतरी नवं घडवत असायचे. आता हात पत्रांच्या घड्या घालायचे. नवं काही सुचलंच, तर पहिला विचार यायचा: हे भाच्याला दाखवायला हवं. दुसरा विचार यायचा: नकोच.

समोर कुलूपवालाही गप्प झाला. पूर्वी हाक मारून चार शिव्या घालणारा माणूस, आता मान हलवायचा आणि किल्ली घासायला लागायचा. दोघांत भांडण म्हणाल तर नव्हतं. भांडण परवडलं असतं. हळूहळू इतरांचेही खिळे ओस पडले. कुणी छत्री टांगली, कुणी जेवणाची पिशवी. गल्लीतून काही नवं निघेना, तेव्हा इस्त्रीवाली म्हणाली होती, “सगळेच शहाणे झाले वाटतं.”

आणि मग शेवटचं पत्र आलं. त्यात एकच प्रश्न होता: अर्जाच्या तारखेआधी ही वस्तू लोकांसमोर उघडपणे मांडली होती का?

“‘नाही’ लिहायचं आणि सही करायची,” भाचा म्हणाला. “कागद उद्या संध्याकाळी न्यायला येतो. ‘होय’ म्हटलंत तर पेटंट मिळणार नाही, मामा; आधीच उघड झालेल्या वस्तूला ते देत नाहीत. आणि ‘नाही’ म्हटलंत तर शिलाई मशीनचा एक कारखाना घंटीचे हक्क विकत मागतोय, रीतसर, तुमच्या नावानिशी.”

“पण अकरा दिवस होती रे खिळ्यावर.”

“कुणी पाहिली?”

“कुलूपवाल्याने. मापं घेतली होती त्याने.”

“तो बोलेल? नाही ना? मग झालं. आणि एक सांगा, तुम्ही खिळ्यावर टांगायचं, कारखान्याने पाकिटात भरायचं, आणि मामीने ते विकत आणून तुम्हालाच टोमणे मारायचे. असंच चालायचं असेल, तर माणसाने नवं काही करायचंच कशाला?”

भाच्याचं हेच वाईट होतं, की तो चुकीचं बोलत नव्हता. मिस्त्री रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले. लबाडी केली तर घंटी त्यांची होत होती, आणि खरं बोललं तर सहा वर्षं पाण्यात. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, त्यांनी दार ओढून घेतलं आणि रस्ता ओलांडला.

“ये,” कुलूपवाला वर न बघता म्हणाला. “कुलूप बिघडलं?”

“नाही.”

“मग माणूस बिघडला. बस.”

मिस्त्री बसले. म्हणाले, “ती घंटी माझ्या खिळ्यावर होती तेव्हाचं आठवतं तुला?”

कुलूपवाल्याने कानस खाली ठेवली. “तुला काय बरं पडेल? आठवलेलं का न आठवलेलं?”

“न आठवलेलं.”

“मग नाही आठवत. कुठली घंटी?”

त्याच्या डोक्यामागे कॅलेंडर होतं, आणि कॅलेंडरखालून पुठ्ठ्याचा एक कोपरा डोकावत होता. मिस्त्रींनी हात लांब करून तो ओढला. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने पट्टीची बाह्यरेषा काढलेली, शेजारी मापं, आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख. पण ही पट्टी सरळ नव्हती. टोकाला तिला बाक दिलेला होता.

“हे काय?”

“काही नाही. ती सरळ ठेवली की हादऱ्याने वाजणार, हे मला अकराव्या दिवशी रात्री, मापं पुठ्ठ्यावर उतरवताना दिसलं होतं. टोकाला बाक दिला, की हादरा बाकात जिरतो. कुलपात करतो आम्ही तसं.”

मिस्त्रींनी पुठ्ठा उजेडात धरला. “सहा वर्षं माझी बायको न आलेल्या पाहुण्यांसाठी दार उघडतेय, आणि तू हे कॅलेंडरखाली ठेवलंस? सांगितलं का नाहीस?”

“सांगायला आलो होतो,” कुलूपवाला म्हणाला. “खिळा रिकामा होता. तू म्हणालास, भाच्याने बोलायला मनाई केलीय. मग मी म्हटलं, ज्याचा कागद त्याची खोड.” त्याने पुठ्ठा मिस्त्रींच्या खिशात कोंबला. “घेऊन जा. जाळ नाहीतर ठेव. मला काही आठवत नाही म्हणून सांगितलं ना!”

परत आल्यावर मिस्त्रींनी चिमट्याने पट्टीच्या टोकाला बाक दिला आणि बायकोला पडद्याचं जाड कापड शिवायला बसवलं. कापड संपलं. घंटी वाजली नाही. मग दोरा संपत आला, आणि वाजली. मिस्त्रीणबाई सवयीने उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि तिथेच पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मिस्त्रींना हसू आलं नाही. त्यांना फक्त बसावंसं वाटलं.

संध्याकाळी भाचा आला, तेव्हा खिळ्यावरची छत्री खाली होती आणि घंटी वर. टेबलावरच्या कागदावर मिस्त्रींनी लिहिलं होतं: होय, अकरा दिवस, माझ्याच दाराबाहेर. खाली सही. पट्टी कुणी सुचवली, हेही लिहिलं होतं. ते कुणी विचारलंच नव्हतं.

भाचा तिथेच खुर्चीत बसला. शर्ट बाहेर आल्याचंही त्याला भान नव्हतं. “मामा, सहा वर्षं! आता तो कारखाना तुम्हाला न विचारता हवी तशी घंटी बनवील. उद्यापासून. मग काय कराल?”

मिस्त्री चष्मा पुसत होते. म्हणाले, “बनवू दे. फक्त पट्टी वाकवून लावा म्हणावं. सरळ लावली, की उगाच वाजते.”