मन्मथचे डबे आणि वायरी

आज दुपारी मन्मथला मातीत बसवलं.

लिंगायतांत झोपवत नाहीत, बसवून माती देतात. तो एका जागी इतका वेळ गप बसलेला मी आज पहिल्यांदा पाहिला.

हार्ट अटॅक. सकाळी, चहा पिता पिता. वय माझ्याएवढंच.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आम्ही एका वर्गात होतो. पुढे लातूरला एकाच कोचिंग क्लासमध्ये चिकटलो. मी फिजिक्स शिकवते, तो डिझायनर.

डिझायनर म्हणजे काय, तर टॉपरांचे फ्लेक्स. निकाल लागला की चौकाचौकात जे हसरे चेहरे टांगलेले दिसतात, त्यातले निम्मे यानेच गोरे केलेले.

कोडिंगशी त्याचं कॉलेजपासून वाकडं. मग कुठून तरी त्याला व्हिज्युअल प्रोग्रॅमिंग सापडलं आणि माणूस येडा झाला.

एक ओळ लिहायची नाही. स्क्रीनवर डबे मांडायचे आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात वायर ओढायची. पहिल्या डब्यात मार्कांची एक्सेल शीट, मधल्यात रंग-आकार, शेवटच्यात चित्र. वायर बदलली की चित्र तिथल्या तिथे बदलतं.

"मॅडम, बघायलात का? ही वायर काढली की सगळे लाल."

मला चिडवायचं असलं की मॅडम म्हणायचा. माझा चहा गार होईस्तोवर सोडायचा नाही.

एका वर्षी गुणगौरव समारंभासाठी त्याने एलईडी वॉलवर क्लासमधला प्रत्येक विद्यार्थी दाखवायचं ठरवलं. प्रत्येकाचा एक ठिपका, खाली नाव. पहिला आलेला पण आणि नापास झालेला पण. वर एक माइकचा डबा जोडला. हॉलमध्ये आवाज झाला की ठिपके थरथरणार.

आमच्या संचालक सरांनी पाहिलं.

"मन्मथ, खालची पोरं काढून टाक. फिल्टरचा डबा असतो ना तुझ्याकडं?"

"हाय की. पण लावणार न्हाई, सर."

"का बरं?"

मग त्याने जे सांगितलं, ते इतक्या वर्षांच्या मैत्रीत मलाही सांगितलं नव्हतं. त्याचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा हा शाळकरी. धाकटी बहीण नागू त्यात गेली.

"पेपरात आमच्या गावचा आकडा आला, सर. त्यात आमची नागू व्हती म्हणं. मी लई बघितलं. आकड्यात माणूस दिसत न्हाई."

सरांनी स्क्रीनवरची नावं खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "बरं. या वर्षी राहू दे."

समारंभाला हॉल खच्चून भरला. वॉलवर ठिपके आले आणि पोरांना आपापली नावं सापडली. लागले बाकं बडवायला, पाय आपटायला. स्टेजची फरशी घुमायला लागली. सगळे ठिपके थरथरले.

आणि आईबाप उठले.

कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाला विचारलं नाही. निलंग्याचे, औशाचे, लातूरचे, सगळे भूकंप पाहिलेले. दाराकडे पळाले. ज्यांच्या हाताला लेकरू लागलं, त्यांनी ते ओढत नेलं. पर्सा, मोबाइल, चपला आत. बाकीची पोरं बाकावर बसून हसत होती. त्यांना काय कळणार?

सगळ्यात आधी बाहेर मन्मथ होता.

मी जाऊन पाहिलं तर भिंतीपासून लांब, मोकळ्यात उभा.

"माझाच डबा, माझीच वायर, अन् मीच पळालो," म्हणाला.

पुढच्या वर्षी फक्त टॉपर. फिल्टरचा डबा त्यानेच लावला. दोन लेकरं, घराचा हप्ता, काय करणार होता? मला त्याचा राग आला होता. आजही थोडा आहे.

पण गप बसेल तर मन्मथ कसला. रविवार आला की मोटारसायकल काढून गावाकडे. दारोदार जाऊन विचारायचा, भूकंपात तुमच्या घरातलं कोण गेलं? गेलेल्या प्रत्येकाचा एक ठिपका. तेही थरथरते. "जसं झालं तसंच दाखवायचं," असा त्याचा हट्ट.

एकदा त्याची आई लातूरला आली होती. मीही होते. त्याने लॅपटॉप तिच्या पुढ्यात ठेवला.

"नागू कोणची?"

त्याने दाखवली.

आईने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाली, "तिला हलवू नको रे."

एकट्या नागूची वायर निघत नव्हती. त्याने सगळ्यांचीच काढली. अख्खं गाव जागच्या जागी थांबलं. आई तेव्हा रडली. आम्हीही.

आज माती देऊन आल्यावर आईने मला जवळ बोलावलं.

"पोरी, तुला येतंय का त्याचं ते? नागूच्या बाजूला त्याला बी ठेव."

मी हाव म्हणाले.

मला त्यातलं काहीएक येत नाही.

संध्याकाळपासून त्याचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेय. वायर चुकीच्या डब्यात जाते आणि सगळं गाव काळं होतं. घाबरून परत जोडते, गाव परत येतं. तू अजून त्यात नाहीस.

थोडा वेळ दे, मन्मथ. मी ठेवते तुला तिच्या बाजूला.

तुमच्यात नमस्काराला म्हणतात तसं, शरणार्थ.